बाहुल्या करताय, चित्रं काढताय, मग चारचौघांत सांगायचं कसं?

कोल्हापुरात पाहुणा आला आणि मिसळ कुठं खाऊ म्हणाला की आपण त्याला पत्ता देत नाही, आपण म्हणतो "ती बघ, कट वेगळ्या किटलीतनं वाढतात ती", आणि पाहुणा विचारत विचारत बरोबर तिथं पोचतोय. एक वाक्य, बास. बाहुल्यांचंबी तसंच असतंय हे कळायला माझी चार वर्षं गेली. सुरुवातीला लोक माझ्याबद्दल सांगायचे "ती घरी काहीतरी क्राफ्टचं करते", आता त्या 'काहीतरी'ला कोण काम देणार सांगा. मग एका वर्षी मी कापडाचे पैलवान करायला घेतले, दहा इंची, लंगोट लावलेले, कान मोडलेले, अंगाला लाल माती लागल्यासारखा रंग, आणि सहा महिन्यांत माझं नाव "ती पैलवान बाहुल्यावाली" पडलं. आईला ते नाव अजून आवडत नाही. पण ते एकाला दुसऱ्याला सांगता येतंय, आणि माझं सगळं काम तिथनं सुरू झालं.

तर जे आत्ता सुरुवात करतायत, बाहुल्या आणि इलस्ट्रेशन दोन्ही करतायत किंवा एकच, त्यांच्यासाठी हे लिहितेय. फॉलोअर कसे वाढवायचे ते मला येत नाही, माझेच काय लई नाहीत.

पहिलं काम, ते एक वाक्य शोधा. हाताने बनवलेलं, युनिक, प्रेमाने घडवलेलं हे तिन्ही शब्द आत्ताच खोडा, ते सगळेच लिहितात आणि कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. तीन माणसांना आपण काय करतो ते सांगा, एक घरातलं, एक भिशीतलं, एक असंच ओळखीचं, दुकानदार किंवा रिक्षावाला, आणि आठवड्यानं त्यांनाच विचारा की मी काय करते म्हणाले होते हो. जे त्यांच्या तोंडातनं येईल ते तुमचं खरं वाक्य, तुम्ही काय सांगितलं होतं ते नव्हे. "ती बाहुल्या करते" एवढंच आलं तर अजून काम बाकी आहे. "ती दूध कट्ट्यावरच्या म्हशी आणि गवळ्यांच्या बाहुल्या करते" असं आलं की झालं.

विषय मात्र आपल्या डोळ्यासमोरचा घ्या. बार्बी आणि टीव्हीवरची कार्टूनं करून विकू नका, एक तर ती दुसऱ्याची मालमत्ता आहे, नोटीस आली की सगळं पेज बंद, आणि दुसरं म्हणजे ती केली तरी लोक त्या कार्टूनचं नाव घेणार, तुमचं नाही. आपल्याकडं काय कमी आहे का, हलगीवाला आहे, साज घातलेली नऊवारीतली आजी आहे, जोतिबाची सासनकाठी नाचवणारा आहे, बेंदराचा बैल आहे, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे तर कुंभार लोक पिढ्यान्‌पिढ्या करतातच, त्यांच्याकडं जाऊन बघा एका हाताचं वळण कसं दिसतंय ते, शंभर मावळ्यांत त्या घरचा मावळा ओळखू येतोय.

चित्रं आणि बाहुल्या दोन्ही करत असाल तर दोन वेगळी दुकानं मांडू नका. माझ्या चित्रातल्या बायकांचं नाक आणि बाहुल्यांचं नाक एकच आहे, बटाट्यासारखं. मुद्दाम नाही केलेलं, हातच तसा आहे, पण त्यामुळं चित्र बघून आलेला माणूस बाहुली बघतो आणि "अरे ही तीच की" म्हणतो. कार्डावर चित्र छापा, स्टॉलवर तीच बाहुली बसवा. आपल्या कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आठवा, सिनेमाबी स्वतः काढायचे आणि त्याची पोस्टरंबी स्वतः रंगवायचे, म्हणजे जाहिरात आणि काम एकाच हाताचं. जाहिरात करायला लाजणाऱ्यांना मी हेच सांगते, ह्या गावात ते काम हलकं कधीच नव्हतं.

फोटो

लोक आधी फोटो बघणार, बाहुली नंतर, त्यामुळं इथं वेळ घाला. कॅमेरा नको, फोन पुरतोय, पण ट्यूबलाइट बंद करा. खिडकीजवळ स्टूल, मागं एकरंगी कापड किंवा कार्डशीट, खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरायचा म्हणजे अंधारातला गाल उजळतोय, एवढाच माझा स्टुडिओ. आणि एक गंमत सांगते, आपल्या इथला पावसाळा सगळ्यांना नको वाटतो पण फोटोला तो सोन्यासारखा, ढगातनं येणारा उजेड सगळीकडं सारखा पडतोय, सावली टोचत नाही, मी वर्षभराचे निम्मे फोटो जुलै-ऑगस्टमध्ये काढून ठेवते. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत नाहीतर पाचनंतर.

एका बाहुलीचे कमीत कमी पाच फोटो काढा. समोरनं, मागनं, चेहरा जवळनं, शिवण जवळनं, आणि एक हातात धरलेला. हातातला सगळ्यात महत्त्वाचा, कारण फोटोत माप कळत नाही आणि "मला वाटलं मोठी असेल" हे वाक्य ऐकायचं नसेल तर शेजारी हात पाहिजे नाहीतर चहाचा कप.

बाहेर जाऊन काढायचे असतील तर दिवस बघून जा. मी हसण्यावारी नाही सांगत. एकदा सकाळच्या उजेडात पंचगंगेच्या घाटावर पायरीवर बाहुली बसवून मी पोटावर झोपून फोटो काढत होते आणि मागं चार माणसं जमली, एक आजोबा म्हणाले "बाई, आज अमावास्या हाय, हे काय चाललंय?" मला आधी कळलंच नाही, मग डोक्यात प्रकाश पडला की ह्यांना करणीबिरणीचा प्रकार वाटतोय. आपल्याकडं दारावर काळी बाहुली टांगतात, बाहुली म्हटलं की निम्म्या लोकांच्या मनात ते असतंयच. शेवटी पिशवीतनं बाकीचे पैलवान काढून दाखवले तेव्हा आजोबा हसले, आणि त्यातल्या एकाचे कान बघून "ह्यो खरा तालमीतला" म्हणाले. ते वाक्य मी नंतर दोन वर्षं कार्डावर छापलं.

इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप वगैरे

इन्स्टावर नाव लिहायची जी जागा असते तिथं नुसतं नाव नको, नाव + बाहुल्या आणि चित्रं + कोल्हापूर असं लिहा, कारण सर्चमध्ये ते शब्द पकडले जातात. मराठीत एकदा आणि इंग्रजीत एकदा येऊ दे. वरचे नऊ फोटो असे ठेवा की नवीन माणूस आला तर स्क्रोल न करता त्याला तुमचं वाक्य कळेल, त्यात भाच्याचा वाढदिवस आणि रंकाळ्याचा सूर्यास्त नको, त्याला घरचं वेगळं अकाउंट काढा. व्हिडिओत तयार बाहुली फिरवून दाखवण्यापेक्षा काम दाखवा. माझा अनुभव असा की बाहुलीचे डोळे दोऱ्यानं भरताना लोक थांबून बघतात, तोपर्यंत ते कापड असतंय आणि दुसरा डोळा झाला की कोणतरी आपल्याकडं बघायला लागतंय. म्हणून मी डोळे शेवटी ठेवते आणि तेवढंच रेकॉर्ड करते.

लिहायचं आपल्या बोलीत. मी एका नऊवारीतल्या बाहुलीच्या फोटोखाली लिहिलं होतं "मी जातो बाजारला, तू बस घरी", आता कोल्हापुरातल्या बायका 'मी जातो' म्हणतात हे आपल्याला माहिती आहे, पण पुण्याच्या दोन-तीन जणांनी खाली येऊन व्याकरण सुधारायला सुरुवात केली, त्यावर इथल्या बायकांनी त्यांना उत्तरं दिली, आणि त्या भांडणात ती बाहुली तर विकली गेलीच, वर त्याच बाहुलीच्या अजून सहा ऑर्डरी आल्या. असं ठरवून होत नाही. पण गुळगुळीत पुस्तकी मराठी लिहिली असती तर झालंच नसतं.

खरी विक्री मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर होते, निदान आपल्याकडं तरी. बिझनेस अ‍ॅप फुकट आहे, त्यात कॅटलॉग करा, प्रत्येक बाहुलीखाली माप, किंमत आणि किती दिवस लागतील ते लिहा. आणि "किंमत इनबॉक्समध्ये" हा प्रकार बंद करा, विचारायला लाजणारी माणसं निघून जातात आणि न लाजणारी फक्त घासाघीस करायला येतात. ऑर्डर घेताना पाच गोष्टी लिहून घ्यायच्या, कुणासाठी, कधी पाहिजे, माप, कपडे कुठल्या रंगाचे, आणि फोटोवरनं करायची असेल तर तो फोटो. निम्मे पैसे आधी. नात्यातल्यांकडनंबी. नात्यातल्यांकडनं तर आधीच.

दर

इथंच सगळे अडकतात म्हणून जरा सविस्तर लिहिते, माझ्या एका दहा इंची पैलवानाचा हिशोब मांडते. कापड, फायबर, लोकर, दोरा, रंग मिळून १४० रुपये (इचलकरंजीतनं कटपीस आणते म्हणून एवढ्यात बसतंय). वेळ नऊ तास, तासाला मी ८० धरते, ७२०. डबा, टॅग, कागद ४५. झाले ९०५. मोडलेल्या सुया, वीज, रिचार्ज, बिघडलेला एखादा चेहरा ह्याला दहा टक्के, म्हणजे जवळजवळ ९९५. आता तुम्ही म्हणाल मग हजाराला विकू. तर नाही. उद्या दुकानात ठेवली तर दुकानदार ३० टक्के घेतोय, कोण ४० पण, आणि हजाराचे ३० टक्के गेले की तुमच्या हातात ७००, म्हणजे मजुरीतलेच जवळजवळ तीनशे गेले. म्हणून उलटा हिशोब, ९९५ भागिले ०.७, येतात १४२१, मी १४५० ठेवते. आणि घरातनं विकताना पण १४५०च. घरी स्वस्त आणि दुकानात महाग असं केलं की दुकानदार पुढच्या वेळी दारात उभं करणार नाही आणि त्याचं बरोबरच आहे.

"एवढी महाग? चिंध्यांचीच तर आहे" हे येणारच. आपल्या सगळ्यांच्या आज्यांनी चिंध्यांच्या बाहुल्या केल्या, बाहुला-बाहुलीची लग्नं लावली, त्यामुळं लोकांना ती फुकटची वस्तू वाटते, त्यांची चूक नाही. भांडू नका, दर पण पाडू नका. माझ्याकडं २५० रुपयांची बोटाएवढी छोटी पैलवान की-चेन आहे ती पुढं करते, आणि ४० रुपयांचं पोस्टकार्ड, चित्राचं. ज्याला मोठी परवडत नाही तोबी काहीतरी घेऊन जातो आणि तुमचं वाक्य त्याच्या खिशातनं गावभर फिरतंय.

दुकानात माल ठेवताना कागद करा. एका ठिकाणी मी विश्वासावर अकरा बाहुल्या ठेवल्या, सात महिने पैसे नाहीत, मग चार परत आल्या त्या काचेतल्या उन्हानं विटलेल्या, बाकीच्यांचं काय झालं ते त्यांनाबी सांगता आलं नाही. आता एका पानावर लिहून देते, किती नग, किंमत काय, टक्के किती, हिशोब दर महिन्याच्या कुठल्या तारखेला, खराब झाली तर कुणाच्या नावावर, खाली दोघांच्या सह्या. ज्याला सही करायला राग येतो त्याच्याकडं माल ठेवायचा नाही.

लोकांसमोर जाणं

प्रदर्शन आधी बघायला जा, मांडायला नंतर. दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात काय लागलंय ते बघत राहा, कलानिकेतन, दळवीज ह्या चित्रकलेच्या कॉलेजांतल्या पोरांची वार्षिक प्रदर्शनं बघा, तिथं ओळखी होतात. स्टॉलचं भाडं किती बाहुल्या विकल्यावर निघणार हे घरीच मोजा, माझा नियम तीन, तीनपेक्षा जास्त विकाव्या लागत असतील तर मी जात नाही.

स्टॉलवर फोन बघत बसू नका, शिवत बसा. शिवणाऱ्या बाईपाशी लोक आपोआप थांबतात. प्रत्येक बाहुलीला किंमत लावलेली पाहिजे, क्यूआर मोठा छापून, सुट्टे पैसे, आणि एक बाहुली फक्त हाताळायला ठेवायची, तिची किंमत लावायचीच नाही, पोरं तिला घेतात आणि आया तोपर्यंत बाकीच्या बघतात.

आणि मागणी कधी असते ते डोक्यात ठेवा. लग्नसराईत रुखवताला नवरा-नवरीची जोडी लागते, त्याची ऑर्डर दोन महिने आधी येऊ दे म्हणून दिवाळीनंतर लगेच फोटो टाकायला लागायचं. नवरात्रात अंबाबाईला बाहेरगावची माणसं येतात, त्यांना बॅगेत मावेल असं पाहिजे असतंय. संक्रांतीच्या वाणाला छोटं आणि स्वस्त, शंभराच्या आत. बारशाला मऊ, बटण नसलेलं, तान्ह्या पोरासाठी डोळे कायम दोऱ्यानं भरा, बटण तोंडात जातंय.

जमलं तर एकदा घाट उतरून कुडाळजवळ पिंगुळीला जाऊन या. तिथले ठाकर समाजाचे कलाकार चित्रकथीची (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची) चित्रं आणि कळसूत्री बाहुल्या दोन्ही सांभाळून आहेत, परशुराम गंगावणेंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी गोठ्याच्या जागेत म्युझियम उभं केलं. लोकांनी यावं अशी एक जागा आपल्या कामाला असली की काय होतं ते तिथं दिसतंय. माझी जागा म्हणजे जिन्याखालचं एक कपाट आहे, पण त्याला दिवा लावलाय आणि आलेल्या माणसाला ते उघडून दाखवते.

चित्रांची कामं

संपादकाला इन्स्टाची लिंक पाठवून गप्प बसायचं नाही. दहा-बारा चित्रांची एक पीडीएफ, पाच एमबीच्या आत, पहिल्या पानावर नाव, फोन आणि तुमचं वाक्य. त्यात त्याला लागेल तसलं काम पाहिजे. कथेचं रेखाचित्र मागणाऱ्याला तुमची पेस्टलमधली फुलं बघून काही ठरवता येत नाही, म्हणून काम नसलं तरी एखाद्या गोष्टीला स्वतःच चार चित्रं काढा, त्यात एकच पात्र चार वेगवेगळ्या कोनांतनं आणि चारही ठिकाणी तेच दिसलं पाहिजे, संपादक हेच तपासतात. ह्यात बाहुल्या करणाऱ्यांचा फायदा आहे बघा, बाहुली टेबलावर फिरवायची आणि काढायचं.

मराठीत चित्रांना सगळ्यात मोठा हंगाम दिवाळी अंकांचा, १९०९ पासनं ही परंपरा चालू आहे, आणि ती कामं दसऱ्याला नाही पावसाळ्याच्या तोंडाला वाटली जातात, मे-जूनमध्येच मेल करा. लहान मुलांची मासिकं वर्षभर असतात, बालभारतीचं किशोर १९७१ पासनं निघतंय, जुने अंक मिळवून बघा आधी.

काम ठरवताना दराबरोबर तीन गोष्टी लेखी घ्या, मेल चालतोय. चित्र कशासाठी आणि किती काळ वापरणार, बदल किती वेळा करून मिळतील (मी दोन, तिसऱ्याला पैसे), आणि चित्राखाली नाव छापणार का. माझं एक मुखपृष्ठ नावाशिवाय छापून आलं, फोन केला तर "जागा नव्हती हो" म्हणाले. तेव्हापासनं चित्रातच कोपऱ्यात सही घालते, कापली तर चित्र बिघडेल अशा जागी. मंजूर होईपर्यंत छोटी फाइल, छपाईला लागणारी ३०० डीपीआयची मोठी फाइल पैसे आल्यावर.

कागदपत्रं, थोडक्यात

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी साइटवर फुकट होते, कोण पैसे मागत असेल तर उठून या. जीएसटी आपल्याकडं वस्तूंना वर्षाला ४० लाख आणि सेवांना २० लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधारणपणे लागत नाही, पण दुसऱ्या राज्यात माल पाठवणं किंवा ऑनलाइन कंपनीमार्फत विकणं चालू केलं की नियम बदलतात, तेव्हा सीएला एकदा विचारायचं.

बाहुलीवाल्यांनी हे नीट वाचा. १ जानेवारी २०२१ पासनं १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. विकास आयुक्त (हस्तशिल्प) ह्यांच्याकडं नोंदणी असलेल्या कारागिरानं स्वतः करून विकलेल्या खेळण्यांना त्यातनं सूट आहे, त्यामुळं ते कारागीर ओळखपत्र काढायच्या मागं लागा. टॅगवर 'शोभेची' लिहायचं आणि पोरांना खेळायला म्हणून विकायचं असला शहाणपणा नको.

चित्राचा कॉपीराइट तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं असतोय. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखीच द्यावा लागतो, आणि त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, कुठल्या देशात चालेल ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. म्हणून करारात "सर्व हक्क कायमचे" असं दिसलं तर तिथं थांबा आणि दर परत बोला.

एक वही मात्र ठेवा, माझी मशीनच्या खणात असते. कुठली बाहुली कुणाकडं गेली, कधी, फोन नंबर, आणि मेसेज केलेला चालेल का ते विचारून. दर मे महिन्यात मी त्या सगळ्यांना एकच मेसेज करते की पाऊस यायच्या आधी बाहुलीला सकाळचं ऊन दाखवा, नाहीतर बुरशी धरती, आणि कुठं उसवली असेल तर आणून द्या, फुकट शिवते. निम्मे लोक उत्तरात बाहुलीचा फोटो पाठवतात, टीव्हीवर बसलेली, देवघराशेजारी बसलेली, एकाच्या ट्रकच्या केबिनमध्ये आहे. विचारून तेच फोटो मी टाकते. गेल्या वर्षी त्या ट्रकच्या फोटोवरनं हुबळीतनं फोन आला, कन्नडमध्ये, मला कळेना, शेजारच्या वहिनींना बोलावलं, तर तो माणूस विचारत होता की पैलवानाला लुंगी घालून मिळेल का.